तिसऱ्या रविवारची झील

दीनानाथ मास्तरांची कीर्तनं ऐकत पनवेलच्या त्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जी पोरं मोठी झाली, ती आता कुठे कुठे पांगली आहेत. कुणी खारघरला विसाव्या मजल्यावर राहतं, कुणी पुण्याला, एक तर थेट कतारला. पण डिसेंबर लागला, की मास्तरांचा फोन वाजायला लागतो. खुशाली विचारून झाली, की पलीकडून हटकून विचारणा होते, की मास्तर, यंदा जखऱ्या मुका होणार ना? मास्तर हसतात. अठ्ठ्याहत्तरी झाली, गुडघे बोलतात, पण हसणं तसंच आहे. होणार, होणार, म्हणतात. मग फोन ठेवून जरा वेळ खिडकीशी बसतात, आणि मन हमखास जातं ते २००९ च्या आगमनकाळात.

त्याआधीची चाळीसेक वर्षं एकाच शिरस्त्याची. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनाचे, वाट पाहण्याचे. त्यातल्या तिसऱ्या रविवारी मंडळीत मास्तरांचं कीर्तन. धोतर, काळा कोट, गळ्यात उपरणं, हातात चिपळ्या. पेटीवर बेलपाड्याचे काशिराम पाटील. काशिरामबुवा माळकरी, आपल्या गावच्या भजनात गाणारे. पण मास्तरांनी त्यांच्या नातवाला शाळेत गणित शिकवलं तेव्हापासून दर आगमनाला पेटी खांद्यावर घेऊन हजर. आणि मास्तरांच्या मागे, उजव्या हाताला, झांजा घेऊन शांतीबाई, त्यांची बायको.

शांतीबाई झील धरायच्या. झील म्हणजे काय, तर मास्तरांनी पदाची ओळ टाकली, की ती मागून उचलायची आणि मास्तर पुढची ओळ घेईपर्यंत खाली पडू द्यायची नाही. मास्तर विवेचनात शिरले, की गप्प. मास्तरांना खोकला आला, ओळ विसरली, श्रोत्यांत एखादं लेकरू रडलं, की पुन्हा झील. लोकांचं लक्ष मास्तरांकडे असायचं. मास्तरांचं मात्र पाठीमागे असायचं. ते म्हणायचे, मी पतंग आहे, दोरी हिच्या हातात. शांतीबाई त्यावर म्हणायच्या, दोरी आहे म्हणून बरं, नाहीतर हा पतंग कधीच वडाळे तळ्यात पडला असता.

मास्तरांचा एक नियम होता आणि तो मंडळीत सगळ्यांना पाठ होता. नाताळची गाणी नाताळात. आगमनात जन्माचं गाणं नाही, पाळणा नाही, करंज्या नाहीत, दारावर तारा नाही. जो अजून आला नाही त्याला पाळण्यात घालता कसा, असा त्यांचा सवाल. तरुणांना नाताळच्या गाण्यांचा सराव तर करावाच लागायचा; तेव्हा मास्तरांनी परवानगी दिली होती ती फक्त चालीची. शब्द उच्चारायचे नाहीत. त्यामुळे डिसेंबरभर मंडळीच्या मागच्या खोलीतून वीस-पंचवीस पोरांचं ‘ला ला ला’ ऐकू यायचं आणि शेजारचे लोक विचारायचे, तुमच्यात या महिन्यात बोलायला बंदी असते काय?

तिसरा रविवार आनंदाचा. हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी ती या रविवारची. एका साली पनवेलच्या बाजारात गुलाबी मेणबत्ती मिळेना, तर शांतीबाईंनी पांढऱ्या मेणात शाळेतले मेणखडू वितळवून घरी केली. रंग उत्तम आला. पेटवल्यावर असा काळा धूर निघाला, की पाळकसाहेबांनी अख्खा आशीर्वाद शिंकत दिला. पण त्या रविवारी शांतीबाईंनी जी झील धरली, ती ऐकून पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यासुद्धा टाळ्या वाजवायला लागल्या.

त्या रविवारचं आख्यान ठरलेलं. म्हातारा याजक जखऱ्या आणि त्याची बायको अलीशिबा. उतारवय झालेलं, पोटी मूल नाही. जखऱ्या मंदिरात धूप जाळायला जातो, देवदूत येऊन सांगतो की तुला मुलगा होईल, आणि ह्याचा विश्वास बसत नाही. मग तो मुका होऊन बाहेर येतो. इथे मास्तर मुक्याचा अभिनय करायचे. लोक बाहेर खोळंबलेत, जखऱ्या हातवारे करतोय, पंख दाखवतोय, म्हातारीचं पोट दाखवतोय, कुणाला काही कळत नाही. पोरं पोट धरून हसायची. आणि नेमकं हसू ओसरायला लागलं, की मागून शांतीबाई झील उचलायच्या. मास्तरांनीच रचलेलं पद होतं ते:

उंबऱ्यावर बैस मना, वाट प्रभूची पाहा रे,
त्याच्याआधी आनंद त्याचा दाराशी ये, पाहा रे.

हे पद मास्तरांनी का रचलं, ते जुन्या माणसांना ठाऊक होतं. लग्नानंतर अकरा वर्षं शांतीबाईंची कूस रिकामी होती. अकरा आगमनं त्या अलीशिबेचं आख्यान झील धरून गायल्या, आणि उपासना सुटल्यावर बायकांच्या घोळक्यात कुणीतरी म्हणायचंच, दुसऱ्याच्या घरचा पाळणा काय गोड गाते हो ही. बाराव्या वर्षी प्रदीप झाला. तो आता उरणला बंदरावर कामाला होता, त्याची बायको सुनीता सरकारी दवाखान्यात परिचारिका.

२००९ च्या दिवाळीनंतर शांतीबाईंचं पोट दुखायला लागलं. अॅसिडिटी म्हणून महिना गेला. मग तपासण्या झाल्या, मुंबईच्या खेपा झाल्या, आणि नोव्हेंबर संपता संपता डॉक्टरांनी प्रदीपला बाजूला घेऊन सांगितलं, की आता घरीच न्या, त्यांना जे आवडतं ते करा. सुनीताने नाताळचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, नाताळ गाठतील असं वाटत नाही.

शांतीबाईंना बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ खाट घालून दिली. पहिल्या आगमन रविवारी त्यांनी पडल्या पडल्या पहिली मेणबत्ती पेटवायला लावली. दुसऱ्या रविवारी दुसरी. औषधाने गुंगी यायची, दिवसातले बरेच तास झोपेत जायचे. जाग आली, की बोलणं पूर्वीचंच. सुनीताला म्हणाल्या, तुझ्या इंजेक्शनचा हात हलका आहे, भाजीत मिठाला मात्र जड पडतो.

मास्तर खाटेशेजारी खुर्ची टाकून बसायचे. पाळकसाहेब येऊन विचारून गेले, यंदा कीर्तन? मास्तर नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. त्यांनी चिपळ्यांना हात लावला नव्हता. आख्यान मनात आणायला बसले, की पहिल्याच ओळीशी अडायचे. उंबऱ्यावर बैस मना, वाट पाहा. आता वाट पाहायची म्हटलं, की त्यांना एकच गोष्ट येताना दिसत होती, आणि तिची वाट पाहायची नव्हती. तिच्यासमोर उभं राहून आनंदाचं गाणं म्हणायचं, तर जीभच रेटत नव्हती.

मग गुरुवारी त्यांच्या मनात तो विचार आला. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन सुनीताला हळूच सांगितलं, की या रविवारी घरीच नाताळ करू. तारा लावू, करंज्या कर, मंडळीत नाताळला मांडतात तो लाकडी पाळणा प्रदीपला आणायला सांग. मी जन्माचं कीर्तन लावतो. तिच्या कानावर पाळणा पडू दे.

सुनीता त्यांच्याकडे बघतच राहिली. सून म्हणून घरात आली त्या वर्षी आगमनात तिने शंकरपाळे तळले होते, तर मास्तरांनी डबा बंद करून पंचवीस तारखेपर्यंत कपाटावर ठेवला होता. तिने एवढंच विचारलं, की आईंना काय सांगायचं? मास्तर म्हणाले, काही सांगायचं नाही. तिला तारखेचं भान कुठे राहिलंय?

काशिरामबुवांनाही फोनवर कळवलं. बुवा म्हणाले, “मास्तर, आमी पेटी घेऊन येतो, तुमी जे लावाल त्ये वाजवू. पन बायला विचारलाय काय?” मास्तरांनी फोन ठेवून दिला.

रविवारी सकाळी शांतीबाईंना चांगली झोप लागली होती. तेवढ्यात सगळं उरकलं. दारावर कागदी तारा लागला. कोपऱ्यात पाळणा, त्याला झेंडूच्या माळा. करंज्यांचा वास घरभर. दुपारी चारच्या सुमाराला मंडळीतली पंधरा-वीस माणसं आली, सतरंजीवर बसली, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. काशिरामबुवांनी पेटी मांडली. मास्तर धोतर-कोट घालून उभे होते.

शांतीबाई जाग्या झाल्या. आधी वास घेतला. मग तारा दिसला, मग पाळणा. त्यांचा चेहरा उजळेल म्हणून सगळे बघत होते. तो पार उतरला.

“तिसरा रविवार गेला?” त्यांनी विचारलं. “मला उठवलं का नाही कुणी?”

सुनीताच्या तोंडून निघून गेलं, “आई, नाताळ आलाय.”

शांतीबाईंनी उशीवरून मान वळवली. खिडकीत हिरव्या पानांचं कडं होतं. सगळ्यांनी सगळं सजवलं होतं, त्या कड्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. दोन जांभळ्या मेणबत्त्या अर्ध्या जळालेल्या, तिसरी गुलाबी कोरी, चौथीही कोरी. त्यांनी चारही बोटांवर मोजल्या. मग त्यांनी डोळे मास्तरांवर आणले. पस्तीस वर्षं शाळेत पोरांना उभं करणारा माणूस. पण त्या क्षणी सगळ्यांना दिसलं, की उभं केलेलं पोर तेच आहेत.

“अहो,” त्या म्हणाल्या, “माझा रविवार कुठे चालवलात?”

मास्तर खाली बसले. म्हणाले, की तुझ्यासाठीच केलं. तू पाळणा ऐकावास म्हणून.

“पाळणा मला पाठ आहे.”

मग मास्तरांनी वीस माणसांसमोर ते सांगितलं, जे त्यांनी प्रदीपलाही सांगितलं नव्हतं. “मला वाट पाहा म्हणून गायचं नाही, शांती. मी कसली वाट पाहू? मला दुसरं काही दिसतच नाही.”

शांतीबाईंना बोलायला श्वास जमवावा लागत होता. त्यांनी तो जमवला.

“तुम्ही जाणारीकडे बघत बसलाय. येणाऱ्याकडे बघा.” पुन्हा श्वास जमवला. “अकरा वर्षं मी रिकाम्या कुशीने झांजा वाजवल्या. बायका बोलायच्या ते तुम्हाला ठाऊक आहे. पण तेव्हा देव जितका माझ्याजवळ असायचा ना, तितका प्रदीप झाल्यावरही नव्हता. प्रदीप झाल्यावर मला दुपटी धुवायची होती.” सतरंजीवर कुणीतरी हसलं आणि पदर तोंडाला लावला. “नाताळ मी तिकडे करीन. इथलं आगमन तेवढं माझं राहिलंय. ते उरकू नका.”

सुनीता उठली, तिने दारावरचा तारा काढला. प्रदीपने पाळणा उचलून आतल्या खोलीत नेला. झेंडूची एक माळ उंबऱ्यात गळून पडली, तिथेच राहिली. करंज्यांचं ताट सुनीताने झाकून कपाटावर ठेवलं आणि म्हणाली, की आज सगळ्यांना नुसता चहा. काशिरामबुवांनी भाता जरा दाबून बघितला आणि पेटीलाच सांगितल्यासारखं म्हणाले, “मी मंगाच बोल्लो व्हतो. पन आमचं आयकतो कोन.”

गुलाबी मेणबत्ती शांतीबाईंनी स्वतः पेटवली. म्हणजे काडी सुनीताने धरली आणि तिचं मनगट त्यांनी.

मास्तर उभे राहिले. पूर्वरंग, म्हणजे आख्यानाआधीचं विवेचन, त्यांनी कसाबसा ओढला. पौल प्रेषिताचं सांगितलं, की तो तुरुंगात आहे, पायांत बेड्या, उद्याचा भरवसा नाही, आणि पत्रात मंडळीला लिहितो आनंद करा. हे विवेचन त्यांनी चाळीस वेळा केलं होतं. एकेचाळिसाव्या वेळी त्यांना पहिल्यांदाच वाटलं, की पत्र ऐकणाऱ्यांपेक्षा लिहिणाऱ्याला विचारायला हवं होतं, बाबा रे, कसं जमवलंस? झांजा वाजवायला कुणी नव्हतं. प्रत्येक ओळीनंतर मास्तरांची मान सवयीने उजवीकडे वळायची आणि परत यायची.

आख्यान सुरू झालं. जखऱ्या मंदिरात गेला. धूप जाळला. देवदूत आला, बोलला. जखऱ्या म्हणाला, हे कशावरून खरं मानू, मी म्हातारा, माझी बायकोही म्हातारी. आणि इथे मास्तर थांबले.

बायकोही म्हातारी हे शब्द तोंडातून गेले आणि पुढचा आलाच नाही. त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. हात वर गेला आणि तसाच राहिला. पुढे बसलेली रिया नावाची सात-आठ वर्षांची मुलगी खुदकन हसली, कारण जखऱ्या मुका होतो ते तिला पाठ होतं. तिचं बघून आणखी दोघं हसली. मोठी माणसंही गालात हसली. मास्तरांनी यंदा हुबेहूब केलंय, असं त्यांना वाटलं. मास्तर मात्र खरंच पुढचा शब्द शोधत होते. काशिरामबुवाही पेटीवर हात ठेवून वाट बघत राहिले. नेहमीच्या जागेहून विराम लांबला आहे, हे त्या खोलीत एकाच माणसाला कळलं.

खाटेवरून झील आली.

उंबऱ्यावर बैस मना, वाट प्रभूची पाहा रे.

आवाज कसला, सुताएवढा. खालच्या पट्टीत, अर्धा श्वास, अर्धा सूर. बुवांनी लगेच पेटीचा आवाज अगदी बारीक केला, जेणेकरून तो सूर झाकला जाऊ नये. दुसरी ओळ घेताना शांतीबाईंना दोनदा थांबावं लागलं. पण त्यांनी ती खाली पडू दिली नाही. पुन्हा पहिली ओळ. पुन्हा दुसरी. हाताने चादरीवर ताल धरलेला. तिसऱ्या फेरीला सतरंजीवरच्या बायकांनी सूर मिळवला, मग पुरुषांनी, आणि मग खोली भरली. शांतीबाई त्यात ऐकूही येईनाशा झाल्या, नुसते ओठ हलताना दिसत होते.

मास्तर उभे होते. त्यांनी पाठ श्रोत्यांकडे केली, कीर्तनकाराने कधी करू नये तशी, आणि खाटेकडे तोंड केलं. तिच्या चेहऱ्यावर घाम होता आणि ती ऐन भरातल्या कीर्तनात दिसायची तशीच दिसत होती. तिला मजा येत होती. मास्तर नंतर पाळकसाहेबांना हेच सांगत राहिले, की साहेब, धीर नव्हता तो, सहनशक्ती नव्हती, तिला अक्षरशः मजा येत होती. आणि ते बघता बघता अडलेला शब्द सुटला. किती फेऱ्यांनी, ते त्यांना सांगता येत नाही. त्यांनी चिपळ्या उचलल्या आणि खाटेकडेच तोंड ठेवून अलीशिबेपासून आख्यान पुढे घेतलं. शेवटी जन्मलेल्या बाळाचं योहान हे नाव पाटीवर लिहिल्यावर जखऱ्याची जीभ सुटते, तिथे त्यांचा आवाज इतका चढला, की खाली रस्त्यावरचे वाटसरू वर बघायला लागले.

चहा झाला. माणसं गेली. काशिरामबुवा जाताना खाटेशी वाकले आणि म्हणाले, “बाय, आज तू मोप जोरात गायलीस.” शांतीबाई म्हणाल्या, तुम्ही पेटी दाबलीत म्हणून. बुवा धोतराच्या सोग्याने डोळे पुसत, पेटी खांद्यावर टाकून जिना उतरले.

घर शांत झाल्यावर मास्तर खुर्ची पुढे ओढून बसले. त्यांना वाटलं ती झोपली. पण शांतीबाईंनी डोळे न उघडता विचारलं, की चौथ्या रविवारी काय लावणार?

चौथा रविवार एका आठवड्यावर होता. मास्तर म्हणाले, मरीयेची भेट. येशू पोटात असताना ती डोंगर ओलांडून अलीशिबेकडे जाते ते.

“चाल?”

मास्तरांनी गुणगुणून दाखवली.

“ही फार रडकी आहे,” शांतीबाई म्हणाल्या. “पोर डोंगर चढत निघालीय, तिला पळती चाल द्या.”

मास्तर म्हणाले, डोंगर चढताना कुणी पळत नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही कधी बाई झालात? सुनीता आतून चहाची कपबशी घेऊन आली तेव्हा दोघांचं जुंपलं होतं, एक चादरीवर ताल धरतंय, दुसरं खुर्चीच्या हातावर.

सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शांतीबाईंना जाग आली की हाच विषय. चाल रोज बदलली. सुनीता दवाखान्यातून आली, की तिला दोन्ही चाली ऐकवून कौल मागायचे आणि ती सासूच्या बाजूने द्यायची. मास्तर चिडायचे. इतके दिवस ज्या खोलीत पाऊल हळू टाकावं लागत होतं, तिथे आता भांडणाचा आवाज होता. प्रदीप दारातून ऐकत उभा राहायचा. त्याच्या लहानपणी डिसेंबरात घरात असंच चालायचं.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला शांतीबाई गेल्या. मास्तर चालीची दुसरी ओळ बसवत होते, त्यांचा हात तिच्या हातात होता. ओळ पुरी झाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की चादरीवरचा ताल थांबलाय.

रविवारी मास्तर मंडळीत कीर्तनाला उभे राहिले. लोकांनी नको म्हटलं होतं. मागे उजव्या हाताला झांजा घेऊन सुनीता होती, तिला झील धरायची सवय नव्हती, दोनदा चुकली. मरीया डोंगर ओलांडायला निघाली, आणि मास्तरांनी पळती चाल घेतली.